मुलांच्या पायांतली जन्मजात व्यंगे: निदान, उपचार आणि कोडिंग यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारची माणसे पाठवतात: बाळाच्या पायाकडे पाहून झोप उडालेले आईवडील, असे बाळ पहिल्यांदाच हातात घेणारे शिकाऊ डॉक्टर, आणि केसपेपर वाचून आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लावणारे नोंदणी विभागातले लोक. मी आधी बरीच वर्षे प्लास्टर रूममध्ये काम केले आणि नंतर नोंदी तपासायला बसले, त्यामुळे तिघांचेही प्रश्न माझ्यापर्यंत येतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. बाळाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा सल्ला याच्या आधी धरावा.

१. सगळ्यांनाच "वाकडे पाय" म्हटले तर काय बिघडते?

उपचाराची वेळ चुकते. क्लबफूटचे, म्हणजे जन्मतःच आत आणि खाली वळलेल्या पावलाचे, प्लास्टर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झालेले उत्तम. खुब्याचा सांधा निखळलेला असेल तर पहिले सहा महिने सोन्यासारखे असतात. चवड्याचा साधा बाक मात्र बहुतेक वेळा नुसती वाट पाहिली तरी जातो. तिन्ही घरच्यांच्या तोंडी "वाकडे पाय"च असतात.

ढोबळ गट असे: पाऊल किंवा हाड आहे पण आकार बिघडला आहे (क्लबफूट, बाकदार नडगी), सांधा जागेवर नाही (खुबा, क्वचित गुडघा), हाड अपुरे आहे किंवा नाहीच (मांडीचे हाड, टिबिया म्हणजे नडगीचे जाड हाड, फिब्युला म्हणजे त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड), आणि बोटे जास्त किंवा जुळलेली आहेत. एका बाळात दोन गट एकत्र असू शकतात, म्हणून एक व्यंग सापडले की तपासणी तिथेच थांबवायची नसते.

२. गरोदरपणात माझ्याकडून काही चुकले का?

हा प्रश्न आया विचारतात, बहुतेकदा सगळे बाहेर गेल्यावर आणि हळू आवाजात. उत्तर स्पष्ट देते: जवळजवळ नेहमी, नाही. जड उचलले, जिना चढला, एका कुशीवर झोपलात, ग्रहणात बाहेर पडलात, यातल्या कशानेही पाऊल वळत नाही आणि हाड नाहीसे होत नाही. हातपायांचा आराखडा गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतो. गरोदर असल्याचे कित्येकींना तेव्हा नुकतेच कळलेले असते.

काही कारणे खरी आहेत. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ ते १९६१ या काळात अनेक देशांत गरोदर बायकांना मळमळीसाठी दिले गेले आणि हजारो बाळे अपुऱ्या हातापायांनी जन्मली. क्लबफूटचा संबंध धूम्रपानाशी आणि कुटुंबातल्या इतिहासाशी आढळतो. बाळ पायाळू असेल तर खुब्याचा धोका वाढतो. मात्र बहुतेक बाळांत एक असे कारण सापडतच नाही आणि फिब्युला नसणे हे सहसा घराण्यात चालत आलेले नसते. टिबिया नसेल तर आनुवंशिक कारणाची शक्यता जास्त, तिथे जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

३. सोनोग्राफीत पाऊल वाकडे दिसले. आता काय करायचे?

पाचव्या महिन्याच्या सुमाराच्या सोनोग्राफीत, म्हणजे १८ ते २० आठवड्यांना, क्लबफूट दिसू शकतो. कधी गर्भाशयात पाय तसा दाबलेला असतो आणि जन्मल्यावर पाऊल ठीक निघते, म्हणून सोनोग्राफी पुन्हा करतात. खरा प्रश्न पावलाच्या पलीकडचा असतो: कणा, मेंदू, हृदय, हात नीट आहेत का? बाकी सगळे ठीक असून फक्त पाऊल वळले असेल तर उपचार जन्मानंतरच होतो आणि तो चांगला होतो. मधल्या काळात प्लास्टर करणाऱ्या बालअस्थिरोगतज्ज्ञांना एकदा भेटून या, भीती निम्मी होते.

या टप्प्यावर कोड कोणाच्या नावावर, ते प्रश्न १५ मध्ये.

४. पाऊल आत वळलेले आहे. क्लबफूट की आपोआप सुटणारा बाक, घरी कसे ओळखायचे?

घरी निदान करू नका, पण डॉक्टर काय पाहतात ते कळलेले बरे. क्लबफुटात चार गोष्टी एकत्र असतात: तळव्याची कमान खोल, चवडा आत, टाच आत आणि सगळे पाऊल खाली झुकलेले. शेवटची खूण महत्त्वाची. टाच वर ओढलेली असते, ती हाताला रिकामी आणि मऊ लागते, आणि पाऊल नडगीकडे वर उचलले जात नाही.

टाच ठीक, घोटा मोकळा आणि फक्त चवडा आत असेल तर तो मेटाटार्सस अॅडक्टस. बोटाने हळूच बाहेर ढकलल्यावर सरळ होणारा असा चवडा बहुतेक मुलांत स्वतःच सुधारतो. पाऊल उलट वर वळून नडगीला टेकत असेल तर तो सहसा गर्भातल्या दाबाचा परिणाम असतो आणि तोही सुटतो. पण नडगी मागे बाकलेली आहे का हे तेव्हा पाहावेच (प्रश्न ९). तळवा होडीच्या तळासारखा फुगलेला आणि ताठर असेल तर व्हर्टिकल टेलस, म्हणजे घोट्यातले टेलस हे हाड उभे झालेले. हा आपोआप जात नाही, आणि साधारण निम्म्या मुलांत त्याच्यासोबत मज्जासंस्थेचा किंवा जनुकीय आजार असतो.

५. पॉन्सेटी पद्धत म्हणजे काय? पहिल्या प्लास्टरनंतर पाऊल जास्तच वाकडे दिसते आहे!

हा दुसरा भाग इतक्या वेळा येतो की आधी त्याचेच सांगते. ते तसेच दिसायला हवे. पहिल्या प्लास्टरमध्ये अंगठ्याच्या रेषेतले हाड वर उचलून कमानीची खोली काढतात. त्यासाठी पुढचा भाग मुद्दाम आतल्या वळणाच्या रांगेत आणावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्लास्टरपासून पाऊल बाहेर जाताना डोळ्यांना दिसते.

ही पद्धत इग्नासिओ पॉन्सेटी यांनी आयोवा विद्यापीठात १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केली. मोठ्या शस्त्रक्रियांच्या जमान्यात ती कित्येक वर्षे बाजूला पडली आणि १९९०च्या दशकानंतर जगभर स्वीकारली गेली. दर आठवड्याला पाऊल हाताने हलके ताणायचे आणि मिळालेली स्थिती प्लास्टरमध्ये धरून ठेवायची. बहुतेक बाळांना ५ ते ७ प्लास्टर लागतात. प्लास्टर मांडीपर्यंत आणि गुडघा काटकोनात. गुडघ्याखालचे प्लास्टर घसरते आणि पाऊल पुन्हा फिरते.

टेबलावरचे चित्र असे. बाळ आईच्या अंगावर पीत असते, कारण पिणारे बाळ पाय सैल सोडते. एक जण बोटे धरतो. दुसऱ्याचा अंगठा घोट्यापुढच्या बाहेरच्या उंचवट्यावर, म्हणजे टेलसच्या डोक्यावर असतो आणि त्या टेकूभोवती सगळे पाऊल बाहेर फिरते. टाचेला कोणी हात लावत नाही. टाच धरून ओढण्याची चूक नवे हात हमखास करतात. टेलसखाली टाच फिरायला मोकळी हवी, धरली की सगळे अडते. मग कापसाचा पातळ थर, त्यावर प्लास्टर, आणि शेवटी बोटांच्या वरचा भाग कापून पाचही बोटे उघडी.

घरी त्या बोटांवर लक्ष ठेवा. ती गुलाबी असावीत आणि दाबून सोडल्यावर लगेच रंग परतावा. बोटे निळी, पांढरी किंवा सुजलेली दिसली, अथवा प्लास्टरच्या आत जाऊन दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या. जुने प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढू नका. एका रात्रीत पाऊल मागे फिरू लागते.

पाऊल साधारण ६० ते ७० अंश बाहेर गेले, पण टाच अजून वरच असेल, तर टाचेमागचा अकिलिस टेंडन (स्नायुबंध) बारीक छेदातून कापतात. बहुतेक बाळांना हे लागते. त्यानंतरचे प्लास्टर तीन आठवड्यांचे, आणि तेवढ्यात टेंडन योग्य लांबीवर पुन्हा जुळतो.

६. पाऊल सरळ झाले. मग बूट-बार चार-पाच वर्षे कशाला?

क्लबफुटाची परत वळण्याची ओढ प्लास्टरने जात नाही. म्हणून आडव्या दांडीने (बारने) जोडलेले बूट घालायचे: पहिले तीन महिने दिवसाचे सुमारे २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, असे चार-पाच वर्षांपर्यंत. क्लबफुटाचे पाऊल ६० ते ७० अंश बाहेर आणि दुसरे निरोगी असेल तर ते ३० ते ४० अंशांवर. बारची लांबी बाळाच्या खांद्यांइतकी.

पाऊल परत वळण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे बूट घालणे सुटणे. यात आईवडिलांवर ठपका ठेवून भागत नाही. बूट सुटतो तेव्हा टाच बुडाला टेकलेली नसते, टाच वर सरकून घासते, फोड येतो, बाळ रडते आणि घरातले मोठे म्हणतात, राहू दे आजच्या दिवस. म्हणून फोड आला की बूट बंद करायच्या आधी आम्हाला दाखवा. कधी बूट लहान झालेला असतो, कधी पाऊल खरोखर परत वळू लागलेले असते. पहिले दोन-तीन दिवस बाळ चिडते; दोन्ही पाय एकत्र हलवायला शिकवले, बार हातात धरून सायकलसारखे खेळवले, की ते रुळते.

तरी वळले तर पुन्हा प्लास्टर. अडीच-तीन वर्षांनंतर चालताना पाऊल आत उचलले जात असेल तर टिबियालिस अँटेरियर हा स्नायुबंध बाहेरच्या बाजूला हलवण्याची शस्त्रक्रिया करतात.

७. बाळ दोन्ही पाय छान हलवते, रडत नाही. तरी खुबा निखळलेला असू शकतो?

हो, आणि म्हणूनच तो निसटतो. जन्मजात निखळलेला खुबा तान्ह्या बाळाला दुखत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत दोन हातांच्या तपासण्या कामी येतात: ओर्टोलानी (१९३७) बाहेर असलेला खुबा आत बसवून पाहते, बार्लो (१९६२) आत असलेला खुबा मागे सरकतो का ते पाहते. साधारण तीन महिन्यांनंतर स्नायू आवळतात आणि दोन्ही तपासण्या फसव्या होतात. मग खूण म्हणजे मांडी बाहेर कमी उघडणे. दुपटे बदलताना एक मांडी अडते, हे बहुतेकदा आईलाच आधी कळते. तिचे ऐका. मांडीवरच्या वळ्या कमीजास्त असणे मात्र पुष्कळ निरोगी बाळांतही दिसते.

दोन्ही खुबे निखळले असतील तर दोन्ही मांड्या सारख्याच अडतात आणि तुलनेला बाजूच उरत नाही. अशी मुले चालायला लागल्यावर डुलत चालतात, कंबर आत जाते, आणि तेव्हा कळते.

मुलगी, पहिले बाळ, पायाळू बाळ, घरात कुणाला खुब्याचा त्रास: यातले पायाळू असणे आणि घरचा इतिहास ही दोन कारणे असतील तर तपासणीत सगळे ठीक वाटले तरी साधारण सहा आठवड्यांच्या सुमाराला सोनोग्राफी करतात. चार ते सहा महिन्यांपर्यंत मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेचा असतो, तो एक्स-रेत दिसत नाही. त्यानंतर एक्स-रे.

आणि बाळाला गुंडाळताना पाय सरळ करून घट्ट बांधू नका. वरचे अंग हवे तर गुंडाळा, पण मांड्या वाकून बाहेर पडतील इतकी जागा खाली असू द्या.

८. खुब्याचा उपचार वयाप्रमाणे कसा बदलतो?

सहा महिन्यांपर्यंत पावलिक हार्नेस. अर्नोल्ड पावलिक यांचे पट्टे पाय ओढून धरत नाहीत. मांडी वाकवून ठेवतात आणि पाय स्वतःच्या वजनाने उघडू देतात. निखळलेला खुबा तीन-चार आठवड्यांत आत बसला नाही तर हार्नेस थांबवावा लागतो, कारण बाहेर राहिलेला गोळा वाटीची मागची कड झिजवतो. बाळाने गुडघा सरळ करून लाथ मारणे अचानक बंद केले तर लगेच कळवा. मांडी फार वाकली की पुढची नस दाबली जाते.

सहा ते अठरा महिने: भूल देऊन खुबा बसवून कंबरेपासूनचे स्पायका प्लास्टर, न बसल्यास उघडून. त्यापुढे ओटीपोटाच्या किंवा मांडीच्या हाडाचा कोन बदलणारी शस्त्रक्रिया बऱ्याचदा सोबत लागते. प्रत्येक टप्प्यावर गोळ्याचा रक्तपुरवठा जपणे हीच मोठी काळजी.

९. नडगी बाकदार आहे. किती घाबरायचे?

बाक कुठल्या दिशेला आहे यावर सगळे ठरते.

बाकाचे टोक मागे आणि आत: दिसायला सगळ्यात भीतीदायक, पण बाक बहुतांशी आपोआप सरळ होतो. पायाच्या लांबीतला काही सेंटिमीटरचा फरक मात्र मागे राहतो, म्हणून वाढ संपेपर्यंत दरवर्षी मोजमाप हवे.

टोक पुढे आणि आत: फिब्युला अपुरी असण्याची शक्यता. नडगीवर त्वचेला खळगा आणि करंगळीच्या बाजूचे एखादे बोट कमी असेल तर आणखीच.

टोक पुढे आणि बाहेर: इथे घाई करा. हे हाड मोडले तर जुळत नाही. याला टिबियाचे जन्मजात स्यूडार्थ्रोसिस म्हणतात. यातल्या पुष्कळ मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ (नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) असतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे सपाट डाग आहेत का ते पाहा. हाड मोडायच्या आधीच ब्रेस लावतात, आणि नुसता बाक सरळ करायला म्हणून हे हाड कापत नाहीत.

१०. हाडच अपुरे आहे. पाय लांबवायचा की कापायचा? डॉक्टर "कापा" कसे म्हणू शकतात?

लांब हाडांपैकी फिब्युला सगळ्यात जास्त वेळा अपुरी असते. मांडीच्या हाडाचा वरचा भाग अपुरा असणे त्याहून विरळ. टिबिया नसणे सर्वांत विरळ, दहा लाखांत साधारण एक.

निर्णय दोन गोष्टींवर टिकतो: वजन पेलेल असे पाऊल आहे का, आणि वाढ संपताना फरक किती असेल (प्रश्न ११). पाऊल तळव्यावर टेकते आणि फरक आवाक्यात आहे, तर लांबी वाढवता येते. हाड कापून चौकट किंवा आतला खिळा बसवतात आणि दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, चार वेळा पाव-पाव करून, टोके दूर नेतात. मधल्या जागेत नवे हाड भरते. गावरिल इलिझारोव्ह यांनी सायबेरियातल्या कुर्गानमध्ये हे तत्त्व उभे केले. एका सेंटिमीटरला बाहेरची चौकट साधारण महिनाभर राहते. पाच सेंटिमीटर म्हणजे पाच महिने किंवा जास्त, रोज व्यायाम, पिनांभोवती जंतुसंसर्गाची टांगती भीती, आणि फरक मोठा असेल तर वाढत्या वयात हे दोन-तीनदा.

पाऊल वापरण्याजोगे नसेल तर घोट्याशी पाऊल काढून कृत्रिम पाय लावलेले मूल बऱ्याचदा एका शस्त्रक्रियेत मोकळे होते आणि वर्ष-दीड वर्षाच्या वयात उभे राहून धावू लागते. मी दोन्ही प्रकारची मुले पाहिली आहेत. कापायचा सल्ला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असे समजू नका, आणि लांबवायचा हट्ट धरणाऱ्या आईवडिलांनाही कोणी वेड्यात काढू नये. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. जमले तर दोन्ही मार्गांनी गेलेल्या मुलांच्या घरच्यांना भेटा. आठवडाभरात ठरवायलाच हवे असे यात काही नसते.

टिबिया पूर्ण नसेल आणि गुडघा सरळ करणारा स्नायूही नसेल, तर गुडघ्यातून पाय काढणे हा सहसा सरळ मार्ग. मांडीचे हाड फारच अपुरे असेल तर रोटेशनप्लास्टी हा पर्याय असतो: पाय १८० अंश फिरवतात आणि घोटा गुडघ्याचे काम करतो. दिसायला ते विचित्र वाटते, पण चालणे फार चांगले होते.

११. मोठेपणी किती फरक पडेल ते आत्ताच कळते का?

बऱ्यापैकी. जन्मजात आखूड पाय वाढतो, पण दुसऱ्याच्या तुलनेत त्याच प्रमाणात मागे राहतो. मुलीच्या पायाची निम्मी लांबी तिसऱ्या वर्षाच्या आसपास आणि मुलाची चौथ्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. म्हणून चार वर्षांच्या मुलात ४ सेंटिमीटर फरक असेल तर वाढ संपताना सुमारे ८.

२ सेंटिमीटरपर्यंत बुटातली उंची किंवा काहीच नाही. २ ते ५ असेल तर लांब पायाची गुडघ्याजवळची वाढ योग्य वयात थांबवता येते. यासाठी पाळी सुरू होण्याच्या किंवा मिसरूड फुटण्याच्या आधीच तज्ज्ञांच्या नजरेत असायला हवे. ५ च्या पुढे लांबी वाढवण्याचा विचार.

१२. मूल फेंगडे चालते, किंवा गुडघ्याला गुडघा लागतो. हे जन्मजात व्यंग का?

सहसा नाही. दीड-दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर बाकदार, तीन-चार वर्षांना गुडघे जवळ, सहा-सात वर्षांपर्यंत मोठ्यांसारखे. ही वाढीची चाल आहे. एकच पाय बाकदार, बाक वाढत जाणारा, मूल फारच बुटके किंवा दोन वर्षांनंतरही बाक तसाच, तर मुडदूस आणि ब्लाउंट आजार (नडगीच्या वरच्या टोकाची वाढ बिघडणे) तपासावेत. यांचे कोड प्रश्न १६ मध्ये.

१३. पायाला सहावे बोट आहे. कधी काढायचे?

साधारण वर्षभराच्या सुमाराला, बूट घालायला लागण्याआधी. आधी एक्स-रे काढून खालचे हाड कोणाच्या वाट्याचे ते पाहतात. मुळाशी दोरा बांधून बोट गळायची वाट पाहू नका. नुसती कातडीने जुळलेली बोटे चालण्यात अडत नाहीत, त्यांना पायात बहुधा काहीच करत नाहीत. कोड: जास्तीचे बोट क्यू ६९.२, हाडाने जुळलेली बोटे क्यू ७०.२, कातडीने जुळलेली क्यू ७०.३.

१४. आयसीडी-१० मध्ये हे सगळे कुठे सापडते?

जन्मजात व्यंगांचा विभाग क्यू अक्षराचा. क्यू ६५ खुबा. क्यू ६६ पाऊल: ६६.० क्लबफूट, ६६.२ चवड्याचा बाक, ६६.४ वर वळलेले पाऊल, ६६.८ इतर, ज्यात व्हर्टिकल टेलस येतो. क्यू ६८.२ गुडघा, ६८.३ मांडीच्या हाडाचा आणि ६८.४ नडगीच्या हाडांचा जन्मजात बाक. क्यू ७२ म्हणजे पायाचा अपुरेपणा: ७२.४ मांडीचे हाड, ७२.५ टिबिया, ७२.६ फिब्युला, ७२.७ दुभंगलेले पाऊल. क्यू ७१ हाताचा. घाईत ही चूक होते. क्यू ७३ "कुठला अवयव ते लिहिलेले नाही" यासाठी. तो वापरावा लागला तर कोड लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अमेरिकेतल्या क्लिनिकल मॉडिफिकेशन आवृत्तीत पुढचे अंक बाजू सांगतात आणि तिथेच खरी गुंतागुंत आहे. दोन्ही क्लबफुटांसाठी एक कोड नाही, म्हणून क्यू ६६.०१ (उजवे) आणि क्यू ६६.०२ (डावे) दोन्ही लिहायचे. उलट दोन्ही खुबे निखळलेले असतील तर क्यू ६५.१ हा एकच, आणि दोन्ही मांड्यांची हाडे अपुरी असतील तर क्यू ७२.४३ हा एकच. "दोन्हीकडे आहे" म्हणून सवयीने एक किंवा दोन कोड लावू नका. त्या-त्या ओळीखाली काय सोय आहे ते दर वेळी उघडून पाहा.

१५. जन्मण्याआधी आणि जन्माच्या वेळी कोणता कोड कोणाच्या नावावर?

गर्भात दिसलेले व्यंग आईच्या नोंदीत ओ ३५ खाली जाते. बाळाच्या व्यंगाचा क्यू कोड आईला कधीच नाही. बाळ ज्या दाखल्यात जन्मले त्यात पहिला कोड झेड ३८ (जिवंत जन्म), व्यंगाचा क्यू कोड त्यानंतर. पुढच्या प्रत्येक भेटीत क्यू कोड पहिला येऊ शकतो. संशय होता पण तपासून खुबा ठीक निघाला तर क्यू ६५ लावू नका. तो एकदा चिकटला की पोराच्या नोंदीत वर्षानुवर्षे फिरतो.

१६. क्यू की एम? वाकडे पाऊल जन्मजात नसेल तर?

सेरेब्रल पाल्सी, पोलिओ किंवा इजेनंतर वळलेले पाऊल हे मिळवलेले व्यंग. त्याची जागा हाडे-सांधे-स्नायूंच्या आजारांच्या एम विभागात, एम २१, सोबत मूळ आजाराचा कोड. केसपेपरवर नुसते "क्लबफूट" आणि मूल सहा वर्षांचे असेल तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेंगडेपण आणि जवळ येणारे गुडघे एम २१ मध्ये, ब्लाउंट एम ९२.५, मुडदूस ई ५५.०. खुब्यात नुसता आवाज येतो पण खुबा स्थिर आहे, तर आर २९.४, अस्थिर असेल तर क्यू ६५.६.

१७. एका मुलात अनेक व्यंगे किंवा सिंड्रोम असेल तर?

नियम असा: मुख्य कोडात जे अंगभूतच आहे ते पुन्हा लिहायचे नाही, जे असतेच असे नाही ते लिहायचे. आर्थ्रोग्रायपोसिसच्या (जन्मतः अनेक सांधे आखडलेले, क्यू ७४.३) प्रत्येक मुलाला क्लबफूट नसतो, म्हणून असला तर वेगळा कोड. स्पायना बिफिडाचेही (कणा जन्मतः पूर्ण न जुळणे, क्यू ०५) तसेच. मांडीचे हाड आणि फिब्युला दोन्ही अपुरी असतील तर क्यू ७२.४ आणि क्यू ७२.६ दोन्ही. त्यामुळेच आलेला आखूडपणा मात्र तिसरा कोड म्हणून लावू नका. सिंड्रोमला स्वतःचा कोडच नसेल तर दिसणाऱ्या प्रत्येक व्यंगाचा कोड द्या.

१८. पाऊल बरे झाले. क्यू कोड कधी थांबवायचा?

बूट-बार चालू आहे तोवर उपचार चालू आहे, तोवर क्यू ६६.०. पूर्ण सुधारून उपचारही संपले की झेड ८७.७ (जन्मजात व्यंगाचा पूर्वेतिहास). पाऊल परत वळले तर पुन्हा क्यू ६६.०. वयाची अट नाही: फिब्युला पन्नाशीतही नसेलच, तेव्हाही क्यू ७२.६ बरोबर.

१९. पाऊल जन्मतः नाही, आणि पाऊल शस्त्रक्रियेने काढले: दोन्हींना झेड ८९ चालेल का?

नाही. झेड ८९ नंतर गमावलेल्या अवयवासाठी आहे, आणि जन्मजात अभाव त्यातून स्पष्ट वगळला आहे. जन्मतः पाऊल नसेल तर क्यू ७२.३. गर्भातल्या पडद्याच्या दोऱ्याने पाऊल जन्माआधीच तुटले असले तरी ते जन्मजातच. दोऱ्याचा करकोचा आहे पण अवयव शाबूत आहे, तर क्यू ७९.८. अपुऱ्या फिब्युलाच्या उपचारात पाऊल काढले असेल तर जन्मतः काय नव्हते आणि सर्जनने काय काढले, या दोन ओळी नोंदीत वेगळ्या हव्यात. त्या नसतील तर कोडरने अंदाज करू नये, लेखी विचारणा करावी.

२०. आम्ही डॉक्टरांनी केसपेपरवर नेमके काय लिहावे?

मला मिळणाऱ्या नोंदीत पुष्कळदा एवढेच असते: "क्लबफूट, प्लास्टर केले." कुठले पाऊल, कितवे प्लास्टर, जन्मजात की नंतरचे, खुबे पाहिले का, काहीच नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा डॉक्टर प्लास्टरला बसतो तेव्हा तोही चाचपडतो. पाहिजे ते इतकेच (पिरानी गुण म्हणजे पाऊल किती वाकडे आहे त्याचे मोजमाप):

"वय १२ दिवस. जन्मजात क्लबफूट, डावे पाऊल, इतर कारण आढळले नाही. पिरानी गुण ६ पैकी ४.५. दुसरे प्लास्टर, मांडीपर्यंत. उजवे पाऊल सामान्य. दोन्ही खुबे स्थिर. पाठीवर केसांचा झुपका किंवा खळगा नाही. प्लास्टरनंतर पाचही बोटे गुलाबी."

लिहायला दीड मिनिट लागते.